जोडतास

दोघंही एकाच वेळी एकाच दारातून आत शिरायला गेले आणि दारातच अडकले.

दार सातवी ब-चं. तिच्या हातात खडूंची डबी, काखेत फळ्यावरचा लाकडी कोनमापक. त्याच्या हातात ट्रे; ट्रेमध्ये चुंबक, भिंगं, दोऱ्याची रिळं. खांद्याला खांदा लागला, डबी उडाली आणि पांढरे खडू पार शेवटच्या बाकाखाली घरंगळत गेले. वर्गातली झाडून सगळी पोरं खाली वाकली. खडू गोळा करायला? छे हो! हसू लपवायला.

"माझा तास आहे," ती म्हणाली.

"माझा... पण आहे," तो म्हणाला.

"कसा असेल? सोमवारी जेवणाच्या सुट्टीनंतर सातवी ब-ला गणित. मी काल पाहिलं, आज सकाळी उठल्या उठल्या पुन्हा पाहिलं. तुम्ही नवीन ना? नव्या माणसाचं होतं असं. शेजारचा वर्ग असेल तुमचा. नाहीतर वरचा. नाहीतर—"

त्याने खिशातून घडी केलेलं वेळापत्रक काढलं आणि काही न बोलता तिच्यापुढे धरलं. सातवी ब, विज्ञान. तोच वार, तोच तास. तिच्या पोटात गोळाच आला.

आता, पोटात गोळा येणं हा तिचा रोजचाच उद्योग. दारावरची बेल वाजली की गोळा, फोन वाजला की गोळा, आणि फोन बराच वेळ वाजला नाही तर जरा मोठा गोळा. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ना, ते हिच्याकडे पाहूनच कुणाला तरी सुचलं असावं. आणि जितकी धास्ती तितकी बडबड. घरी तिला टकळी म्हणायचे, म्हणून आपणही टकळीच म्हणू. नवे सर मात्र दुसऱ्या टोकाचे. ताकास तूर लागू देणार नाहीत. आठवडा संपायच्या आत पोरांनी त्यांचं नाव घुमे सर ठेवून टाकलं.

दोघं वरात निघाल्यासारखी मुख्याध्यापिकेच्या खोलीत गेली. शाळेत त्यांना मोठ्या बाई म्हणत. वेळापत्रक त्यांनी स्वतः केलेलं. आणि मोठ्या बाईंच्या हातून चूक होत नसे. झालीच, तर तो उपक्रम ठरे.

त्यांनी चष्मा चढवला, दोन्ही कागद पाहिले, क्षणभर खिडकीबाहेर पाहिलं.

"मुद्दाम केलंय," त्या म्हणाल्या. "जोडतास. रोज एक तास, दोन शिक्षक, एक वर्ग. मुलं गटागटाने शिकतील, तुम्ही मिळून शिकवाल. आधुनिक पद्धत आहे."

"पण बाई, मला कुणी—"

"आता सांगितलं ना? आणि नीट ऐका दोघं. यंदा पट घटलाय. तुम्हा दोघांचे तास मुळात भरत नाहीत. हा जोडतास दोघांच्याही नावावर धरला, तर भरतात. सहामाहीच्या शेवटी संस्थेची समिती येऊन बघेल. आवडलं तर तास चालू. नाही आवडलं तर बंद, आणि तुमच्यातलं एक जण अतिरिक्त. म्हणजे आपल्या दुसऱ्या शाळेत."

दुसरी शाळा म्हणजे रात्रभराचा प्रवास. टकळीच्या घरी आई एकटी; दादा दूर परगावी. त्या दिवसापासून टकळीचा जीव टांगणीला लागला.

पहिला जोडतास म्हणजे नुसता गोंधळ. ती बोलत राहिली, तो फळ्याकडे तोंड करून पुटपुटत राहिला, गटात बसवलेल्या पोरांनी गटाने दंगा केला. तास संपल्यावर दोघं प्रयोगशाळेतल्या लांब बाकावर बसली. नळ ठिबकत होता, खिडकीतून तिरपं ऊन आत आलं होतं. टकळीने ओढणीचं टोक चावून चावून ओलं केलं होतं.

"तुम्ही फळ्याशी काय बोलता हो?" ती म्हणाली. "फळा सातवीत नाही."

तो चिडेल असं तिला वाटलं. तो चक्क हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर खळी पडते, हे तिला तेव्हा उगीचच दिसलं.

"खरंय," तो म्हणाला. "घरी मोठा भाऊ होता. माझ्या वाटचं तोच बोलायचा. याला भूक नाही, याला निळा शर्ट आवडतो, याला विज्ञान घेऊ दे... बरोबरच सांगायचा बहुतेक. पण मला कधी विचारलं नाही कुणी. सवयच गेली बोलायची."

"आणि माझं काय चुकलं?"

"ते तुम्ही सांगायचं. आपण असं करू या का? तास झाला की रोज इथे बसायचं. आधी आपली आपली चूक सांगायची. मग दुसऱ्याचं जे आवडलं ते. आणि लपवायचं काही नाही."

एवढं लांबलचक तो शाळेत आल्यापासून पहिल्यांदाच बोलला असेल. टकळीने विचार केला. खूप केला. पण चूक काही सापडेना.

शेवटी त्यानेच सांगितलं, अगदी हलक्या आवाजात. "तुम्ही प्रश्न फार छान विचारता. पण... उत्तरही तुम्हीच देऊन टाकता. पोरांचं तोंड उघडायच्या आत."

ती उठलीच! उचलली जीभ लावली टाळ्याला, असं मनातल्या मनात त्याला म्हणत ती दारापर्यंत गेली, आणि दाराशी थबकली. तिसऱ्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी आठवली. मघाशी प्रश्न विचारल्यावर तिचे ओठ हलले होते. आणि आपण...?

ती परत येऊन बसली.

"मला शांतता सहन होत नाही," ती म्हणाली. "बाबा गेले ना, तेव्हा घरात सगळे गप्प झाले होते. आई, दादा, येणारे-जाणारे. मीच आपली बोलत राहायचे. अजूनही कुणी गप्प झालं की वाटतं, आता काहीतरी वाईट होणार."

त्याने तिच्या डबीतला एक खडू उचलून तिच्या डाव्या तळहातावर ठेवला.

"प्रश्न विचारलात की खडू या हातात घ्यायचा. डाव्या हातात आहे तोवर बोलायचं नाही."

त्याची बोटं तिच्या तळहाताला जेमतेम लागली होती. घरी जाऊन तिने हात धुतला तेव्हा तिला उगीचच वाईट वाटलं.

मग दिवस कसे भरभर गेले! तो फळ्याकडे वळला की ती कानातल्या डुलाला हात लावी. तो दचकून वर्गाकडे तोंड करी. ती स्वतःच उत्तर द्यायला निघाली की तो वर्गाच्या मागून डावी मूठ उघडून दाखवी. पोरांना वाटे, सर-बाईंच्या अंगात काहीतरी संचारलंय. पण पोरं बोलू लागली होती. आधी भांडायला, मग विचारायला, मग एकमेकांना समजावायला. 'तुला काय वाटतं?' हे वाक्य सातवी ब-मध्ये ऐकू येऊ लागलं. तास संपला की पोरंही गटागटाने सांगत, आज आमचं काय फसलं. दोन वेण्यांच्या मुलीने एकदा सांगितलं, "मला येत होतं, पण मी बोलले नाही. ही माझी चूक." त्या दिवशी बाकावर टकळीचे डोळे भरून आले, आणि सरांनी कधी नव्हे तो रुमाल पुढे केला. रुमालाला खडूचा वास होता.

"तुमचं आज काय आवडलं सांगू?" तो म्हणाला.

"सांगा की. वाट कसली बघताय?"

"तुम्ही थांबलात. आणि थांबताना... भुवया अशा वर जातात तुमच्या. बघत राहावंसं वाटतं."

"हे शिकवण्याबद्दल चाललंय ना, सर?"

"हो, हो... म्हणजे... मुख्यतः."

त्याचे कान लालबुंद झाले. ती हसत सुटली. आणि घरी जाताना वाटेत तिला ती दुसरी शाळा आठवली, आणि हसू विरून गेलं. जाणार तर बहुतेक तीच. सर या शाळेत नवे असले तरी नोकरीत कनिष्ठ तीच होती, आणि विज्ञानाचा माणूस मिळणं अवघड. आता तर दोन गोष्टी सुटायच्या होत्या; एक आई, आणि दुसरीचं नाव घ्यायचीही तिला चोरी.

समिती यायच्या आदल्या संध्याकाळी आई मटार सोलत बसली होती. टकळी समोर उभी राहून उद्याच्या तासाची तालीम करत होती, डाव्या हातात खडू.

"आई, पट्टी पेन्सिलीवर तोललीय. एका बाजूला दोन खोडरबर, दुसऱ्या बाजूला एकच. पट्टी आडवी राहील का? कशी?"

आई सोलत राहिली. टकळीने ओठ घट्ट मिटले. पाय आपटले. शेवटी तिला राहवेना.

"अगं बोल ना!"

"तूच म्हणालीस वाट बघते," आई म्हणाली. "आणि काय गं, मघापासून सर म्हणाले, सर हसले, सर असे उभे राहतात... तास गणिताचा आहे की सरांचा?"

"आई! काहीतरीच तुझं."

"बरं बाई. मी आपली मटार सोलते." आईने एक दाणा तोंडात टाकला. "पण जे मनात आहे ते त्या माणसाला सांग. नाहीतर काखेत कळसा नि गावाला वळसा व्हायचा."

सांगायचं! टकळीला रात्रभर झोप आली नाही. उद्या तास फसला तर? तो गेला तर? मी गेले तर? आणि सांगितलं, आणि तो गप्पच राहिला तर?

सकाळी शाळेच्या फाटकाशीच मोठ्या बाईंनी तिला गाठलं.

"तुमची एक काळजी मिटली," त्या कुजबुजल्या. "तास बंद झाला तर तुम्ही राहणार. विज्ञानाचे सर परवाच येऊन म्हणाले, कुणाला पाठवायचंच असेल तर मला पाठवा."

"स्वतःहून?"

"स्वतःहून. आता हसा जरा, समिती येईल."

हसणार कुठून? परवा! म्हणजे काल बाकावर समोर बसून, चुका सांगून, खळी पाडून हसताना हे त्याला माहीत होतं. लपवायचं काही नाही, हे त्याचंच म्हणणं. त्याला जायचंच होतं तर. कंटाळला असेल माझ्या बडबडीला. कंटाळणारच. कोण नाही कंटाळत?

वर्गात ती त्याच्याकडे न बघता उभी राहिली. मागे तीन खुर्च्या. मधोमध समितीचे अध्यक्ष, घड्याळाशी चाळा करत. शेजारी मोठ्या बाई. गटागटांपुढे एकेक पट्टी, पट्टीखाली पेन्सिल, बाजूला खोडरबरं. सरांनी पट्टी पेन्सिलीवर मधोमध ठेवून दाखवली, आणि घाबरून फळ्याकडे वळले. पुटपुट सुरू झाली. जाऊ दे, टकळीला वाटलं, मला काय त्याचं? जायचंय ना, जाऊ दे. पण हात आपोआप कानातल्या डुलाकडे गेला. मागे न बघताही त्यांना ते कसं कळलं कोण जाणे. ते वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

मग ते वर्गाच्या मागे जाऊन उभे राहिले. आता तिची पाळी.

"एका बाजूला दोन खोडरबर, दुसऱ्या बाजूला एकच," ती म्हणाली. "पट्टी आडवी राहील का? राहिली, तर कशी?"

खडू डाव्या हातात.

वर्गात अळीमिळी गुपचिळी. एक पोरगं हलेना. बाहेर कुणीतरी बादली ओढत नेत होतं, तेवढाच आवाज. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. मोठ्या बाईंनी डोळे वटारले, 'सांगून टाका!' म्हणून. टकळीच्या घशाशी उत्तर येऊन बसलं. एक शब्द, एकच, आणि ही भयंकर शांतता संपली असती. आता काहीतरी वाईट होणार, होणार, होणार...

तिने न राहवून मागे पाहिलं. घुमे सर भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी डावी मूठ उघडली, आणि उघडीच ठेवली. ती थांबली.

"दोन्ही टोकांना ठेवून बघू," खिडकीजवळच्या गटातून आवाज आला. ठेवलं. धाडकन पट्टी पडली. अध्यक्षांच्या कपाळाला आठी.

"असं नाही रे. जड ते आत सरकव."

"किती आत?"

"तुला काय वाटतं?"

सगळे गट एकदम कामाला लागले. पट्ट्या पडत होत्या, खोडरबरं उड्या मारत होती. एका गटाचं काही केल्या जमेना. तेव्हा दोन वेण्यांची मुलगी उठली. आवाज बारीक, पण सगळ्यांना ऐकू येईल असा. "तुमची खोडरबरं झिजलेली आहेत. सारखी नाहीत. आमची घ्या." तिने आपली देऊन टाकली, पट्टी आडवी राहिली तशी दोन्हीकडची अंतरं मोजली आणि मग बाईंकडे वळली. "पेन्सिलीपासून एक खोडरबर दहावर, दोन पाचवर. दुप्पट जड असलं तर निम्म्या अंतरावर. आधी आमचं पण पडलं होतं."

अध्यक्ष खुर्चीतून उठले आणि चक्क त्या गटात जाऊन वाकले. "मला करून बघू दे," म्हणाले. त्यांचीही पट्टी पडली. पोरं खो-खो हसली.

"आधी आपली चूक सांगायची असते, काका," कुणीतरी म्हणालं.

तास संपल्यावर समिती मोठ्या बाईंच्या खोलीत गेली, दार लागलं. दोघं प्रयोगशाळेतल्या बाकावर येऊन बसली, नेहमीपेक्षा जरा लांब. नळ ठिबकत होता. टकळीच्या हातात अजून तोच खडू.

"माझी चूक," ती म्हणाली, "मी तुमच्यावर विश्वास ठेवला. तुम्हाला जायचं होतं तर मला सांगायचं होतंत! दुसऱ्यांकडून कळावं मला? फाटकाशी? इतकी का मी नकोशी झाले तुम्हाला?"

तो गोंधळून बघतच राहिला. मग सगळं त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याने कपाळावर हात मारून घेतला.

"नकोशी? अहो... तुमची आई एकटी आहे. तुम्हाला इथून जावं लागलं तर काय होईल, याच्या विचाराने मला झोप लागेना. म्हटलं, मीच जातो. तुम्ही राहाल."

"आणि मला काय वाटेल ते?"

तो फळ्याकडे वळणारच होता; तिचा हात डुलाकडे गेला, आणि तो तिच्याकडे वळला.

"हीच माझी चूक," तो हळूहळू म्हणाला. "प्रश्न तुमचा होता. मी विचारलाच नाही, आणि उत्तर देऊन टाकलं. आयुष्यभर ज्याचा मला राग आला, तेच मी... जिच्यावर माझा जीव आहे, तिच्याच बाबतीत केलं."

टकळी बाकावर जरा जवळ सरकली. "काय म्हणालात?"

"जीव आहे. तुमच्यावर."

"मग आता विचारा," ती म्हणाली. "नीट. माझ्याकडे बघून."

"तास राहो, जावो. मी इथे असो नाहीतर तिथे. तुम्ही... माझ्याशी लग्न कराल?"

टकळीने खडू डाव्या हातात घेतला.

आता बघावं त्याच्याकडे! जन्माचा शांत माणूस, पण कपाळावर घाम फुटला. बाकाची कड धरली, सोडली. रुमाल काढला, परत ठेवला. तोंड उघडलं, मिटलं. ती मात्र भुवया वर करून बसलेली.

धाडकन दार उघडलं. मोठ्या बाई! "चालू ठेवा म्हणाले! दोघंही इथेच! आणि हे बघा... ते वेळापत्रक... ती माझी चूक होती बरं का. चक्क चूक. आज पोरांचं ऐकून वाटलं, सांगून टाकावं. काय हो, तोंडं का अशी तुमची?"

"थांबा बाई," टकळी म्हणाली. "खडू डाव्या हातात आहे."

मोठ्या बाईंनी तिच्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात तोंडावर दाबून, चपला न वाजवता त्या बाहेर गेल्या आणि दार ओढून घेतलं.

टकळीने खडू उजव्या हातात घेतला.

"हो," ती म्हणाली. "करेन. केव्हाच ठरलं होतं माझं. मुद्दाम थांबले. वाट बघताना कसं होतं, कळलं का?"

"कळलं," तो म्हणाला, आणि तिचा हात खडूसकट आपल्या हातात घेतला.

त्यानंतर बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. आणि आता काहीतरी वाईट होणार, असं टकळीला एकदाही वाटलं नाही.